घरातला आजार नक्की कोणाचा?

ठाण्यात दर पावसाळ्यात डेंग्यू येतो आणि घरं कशी झपाट्याने एकत्र येतात ते बघण्यासारखं असतं. प्लेटलेट किती झाल्या, हा प्रश्न दिवसातून चार वेळा व्हॉट्सॲपवर फिरतो. शेजारच्या काकू पेज पाठवतात, कोणीतरी पपईच्या पानांचा रस आणून ठेवतं (त्याने काय साधतं ते डॉक्टरांना विचारा, पण आणणाऱ्याचा जीव त्यात असतो), मुलगा रजा टाकतो. आजारी माणसाचं काम एकच, पडून राहायचं आणि बाकीचे सांगतील ते ऐकायचं. आठवड्याभरात ताप उतरतो, अशक्तपणा आणखी थोडे दिवस रेंगाळतो आणि मग सगळे आपापल्या मार्गाला लागतात.

या पद्धतीत वाईट काहीच नाही. अडचण एवढीच की बहुतेक घरांना आजारपण काढायची ही एकच पद्धत ठाऊक असते. मधुमेह, आमवात, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, अपस्मार, पार्किन्सन्स (कंपवात) हे पाहुणे म्हणून येत नाहीत, राहायला येतात. वीस वर्षं कोणी पडून राहू शकत नाही, कोणी रजा टाकू शकत नाही, आणि वीस वर्षं दुसऱ्याचं निमूट ऐकून घेणंही कोणाला जमत नाही. डेंग्यूच्या दहा दिवसांत जी माया वाटते, तीच तशीच चालू ठेवली की तिसऱ्या वर्षी पहारा वाटायला लागते.

मी समुपदेशनाचं काम करते. घरच्यांचं प्रेम कमी पडलं म्हणून खचलेले पेशंट मला भेटतात, नाही असं नाही. पण त्याहून जास्त भेटतात ते प्रेमाला विटलेले. त्यामुळे 'घरच्यांनी आधार द्यावा' हे वाक्य मला फार उपयोगाचं वाटत नाही. आधार कसा दिला जातो, आणि आजाराची मालकी घरात कोणाकडे आहे, यावर पेशंटचं मन उभं राहतं की बसतं ते बरंचसं ठरतं. या लेखात 'मालकी' म्हणते ती याच अर्थाने: निर्णय कोण घेतं, बोलणी कोण खातं, राबतं कोण.

आधी आजारी माणसाच्या मनात काय चालतं ते पाहू. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बरी यांनी १९८२ साली आमवाताच्या रुग्णांशी बोलून एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की लांबणारा आजार माणसाच्या चरित्रातच खंड पाडतो. पुढच्या आयुष्याबद्दल मनात जी गोष्ट रचलेली असते, म्हणजे मुलीचं लग्न, निवृत्तीनंतर गावी घर, नर्मदा परिक्रमा, ती मध्येच तुटते आणि नवी रचावी लागते. हे काम एकदा होऊन संपत नाही. गोळी वाढली, इन्सुलिन सुरू झालं, जिने चढवेनात, नोकरी सोडावी लागली की प्रत्येक वेळी गोष्ट पुन्हा रचायची. त्यात भीती असते, राग असतो, आणि आपल्याकडे विशेष करून असते ती ओझं झाल्याची भावना. 'माझ्यामुळे सगळ्यांची फरफट' हे वाक्य मी सत्तरीतल्या आजोबांकडून ऐकलंय तसं सव्विशीतल्या मुलीकडूनही.

आजाराची चालही महत्त्वाची. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जॉन रोलंड यांनी आजारांची विभागणी कुटुंबाच्या नजरेतून केली. पक्षाघात एका सकाळी येतो, घराला तासाभरात भूमिका बदलाव्या लागतात, पण नंतर परिस्थिती बऱ्यापैकी स्थिर होऊ शकते. पार्किन्सन्स हळूहळू पुढे सरकतो, म्हणून घरालाही थांबता येत नाही. दमा आणि अपस्मार मध्येच उसळतात आणि मध्ये महिनोन्महिने काहीच नसतं, पण त्या शांत महिन्यांतही घरचं माणूस रात्री एका कानाने जागंच असतं. तेव्हा 'अमक्याच्या घरी किती छान सांभाळलं' ही तुलना करण्याआधी आजार कोणता होता ते विचारावं.

आता घराच्या बोलण्याकडे वळू. या विषयातलं सगळ्यात जुनं आणि पक्कं संशोधन मनोविकारांमधून आलंय. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांचे सहकारी रुग्णालयातून सुटलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा माग ठेवत होते. कोणालाही वाटेल की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले चांगले राहिले असतील आणि परक्या ठिकाणी खोली घेऊन राहणारे पुन्हा आजारी पडले असतील. झालं उलटं. घरच्या जवळच्या माणसांत परतलेल्यांचे हाल जास्त झाले.

का, हे शोधताना त्यांनी नातेवाइकांना एकेकटं बसवून पेशंटबद्दल बोलतं केलं, आणि काय बोलतात याच्याइतकंच कोणत्या स्वरात बोलतात हे मोजलं. तीन गोष्टी नडत होत्या. टीका, तिटकारा आणि अति गुंतून पडणं. टीका म्हणजे 'परत जिलेबी खाल्लीस?'. तिटकारा म्हणजे 'तू आहेसच तशी, तुला कोणाचं काही पडलेलं नाही'. पहिल्यात वागण्यावर बोट आहे, दुसऱ्यात माणसावर. तिसरी गोष्ट लोकांना पटत नाही, कारण ती बाहेरून मायेसारखीच दिसते: सतत रडवेलं होणं, आपलं जेवणखाण सोडून पेशंटच्या मागे असणं, त्याच्या वतीने उत्तरं देणं. ज्या घरांत यांपैकी काहीही जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त, हे पुढे अनेक देशांत दिसलं. नंतर हीच पट्टी नैराश्य, दमा, मधुमेह अशा आजारांनाही लावून पाहिली गेली.

चंदीगडमध्येही हा अभ्यास झाला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिथली घरं लंडनपेक्षा बरीच कमी टीका करणारी निघाली. यावर छाती फुगवू नये. त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि तेव्हाचं चंदीगडचं घर म्हणजे आजचा घोडबंदर रोडवरचा टू बीएचके नव्हे, जिथे तिघं जण लोकल आणि ट्रॅफिकमधून रात्री साडेनऊला घरी पोचतात आणि चौथा दिवसभर एकटा असतो.

टीका करणारी माणसं दुष्ट असतात का? नसतात. पुढच्या संशोधनात एक गोष्ट लक्षात आली. टीका करणाऱ्या नातेवाइकांचा ठाम समज असतो की हे सगळं पेशंटच्या हातात आहे, त्याने मनावर घेतलं तर होईल. कॅन्सर झालेल्याला कोणी 'मनावर घे' म्हणून रागावत नाही. मधुमेह्याला मात्र सगळं गाव रागावतं.

आणि मधुमेह तर घरोघरी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा आहे. अशा एका घरातली सकाळ सांगते. नवी मुंबईतलं कुटुंब, ओळख पुसली जाईल इतपत तपशील बदलून. मुलगा ऐरोलीला कामाला. सातच्या सुमारास निघायच्या आधी तो आईचं बोट धरतो, सुई टोचतो, आकडा बघतो. आकडा घरच्या ग्रुपवर जातो. पुण्याच्या बहिणीचा लगेच मेसेज, 'काल रात्री काय खाल्लं?'. आईच्या हातात फोन आहे, ती ग्रुपवर आहे, पण हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो, तिच्याबद्दल भावाला विचारलेला असतो. सूनबाई किचनमधून सांगते, 'भात जरा जास्त झाला'. आई गप्प. कापसाचा बोळा बोटावर दाबून ती बसून असते.

या घरात सगळ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. परिणाम असा झाला की शुगर तपासायचं मशीन निघणार त्याच्या आदल्या रात्री आईने जेवायचं टाळायला सुरुवात केली. गोळ्या घेऊन उपाशी झोपायचं. यात शुगर रात्रीतून खाली जाण्याचा धोका असतो, आणि काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर तो चांगलाच असतो. म्हणजे ग्रुपवर आकडा सुंदर आणि पेशंट धोक्यात.

इथे थोडी माहिती घराला असती तर बरंच टळलं असतं. सकाळचा आकडा फक्त जेवणावर ठरत नाही. ताप, दातदुखी, अपुरी झोप, सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टिरॉइड, भांडण, सगळ्याने तो वाढतो. ताणात शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलीन ही संप्रेरकं सोडतं आणि यकृत रक्तात साखर ओततं. तेव्हा आकड्यावरून झालेली वादावादी पुढचा आकडा वाढवू शकते. शिवाय टाइप २ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद वर्षागणिक घटत जाते. पंधरा वर्षांनी गोळ्या वाढल्या किंवा इन्सुलिन लागलं, तर पेशंटने काही गुन्हा केला असं समजायचं कारण नाही. कारभार बघायचाच असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी असते. रोजचा एक आकडा घेऊन खटला भरू नये.

शब्द शरीरापर्यंत पोचतात याचा एक थेट पुरावाही आहे. ओहायोच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ४२ जोडप्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागावर यंत्राने बारीक फोड आणायचे, जोडप्याला मतभेदाच्या विषयावर बोलायला लावायचं आणि जखम भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. सतत एकमेकांना लागेल असं बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा, कमी बोचरं बोलणाऱ्यांच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के वेगाने भरल्या. उलट बाजूचा प्रयोग २००६ चा. विजेचा हलका झटका बसणार म्हणून वाट पाहणाऱ्या १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी होती, आणि ज्यांचा संसार चांगला होता त्यांच्यात आणखी कमी. प्रयोग छोटे आहेत, त्यांच्यावर डोलारा उभारू नये, पण 'बोलण्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी ते जरूर ऐकावेत.

आता मालकीच्या दुसऱ्या टोकाकडे. टीका करणारा म्हणतो, 'तुझा आजार आहे, तू बघ'. अति काळजीवाला म्हणतो, 'तू काही करू नकोस, मी आहे ना'. दोघांचा निरोप पेशंटला एकच पोचतो, की तुला जमणार नाही.

दुखण्याच्या आजारांत हे फार स्पष्ट दिसतं. १९८० च्या एका प्रयोगात सतत दुखणाऱ्या रुग्णांना वेदना किती आहे ते विचारलं. एकदा सांगितलं की काचेपलीकडून तुमचा जोडीदार ऐकतोय, एकदा सांगितलं की वॉर्डातला कारकून ऐकतोय. ज्यांचा जोडीदार फार हळवा होता, त्यांनी तो ऐकत असताना वेदना जास्त सांगितली. ही नाटकं नव्हेत. 'हाय' म्हटलं की कोणी धावत येतं, काम हातातून काढून घेतं, आणि शरीर हळूहळू तसं शिकतं. काम सुटतं, स्नायू ढिले पडतात, दुखणं वाढतं. माणसाचं घरातलं स्थान जातं ते वेगळंच. आमवाताच्या बाईच्या हातातून विळी काढून घेणं एक वेळ ठीक, पण 'आज भाजी कोणती' हा निर्णयही काढून घेतला की तिच्याकडे उरतं काय?

मग काहीच करू नये का? करावं, पण गाजावाजा न करता. वाशीला माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. काकूंना आमवात. सकाळी बोटं इतकी आखडतात की तासभर मूठ वळत नाही. काकांनी काय केलं, तर रात्री झोपण्यापूर्वी चहा, साखर, मिसळणाच्या बरण्यांची झाकणं ते सैल करून ठेवतात. सिंकचा फिरकीचा नळ बदलून दांडीचा बसवला, कोपराने ढकलला तरी चालतो. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. चहा काकूच करतात, आणि काका उशिरा उठले तर बोलणी खातात. झाकणांचं मला काकांनी सांगितलं. काकूंना ते माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

न दिसणाऱ्या मदतीचा अभ्यासही झालाय. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांच्या जोडीदारांना आणि परीक्षार्थींना रोज टिपण ठेवायला लावलं. जोडीदार म्हणतो मी मदत केली आणि परीक्षार्थीच्या ती लक्षातच आली नाही, अशी मदत सगळ्यात कामाची ठरली. उघड दिसणाऱ्या मदतीने कधी कधी अस्वस्थता वाढली, कारण तिच्याबरोबर 'तुला एकट्याला झेपत नाहीये' हेही ऐकू येतं. आपल्याकडे तर वर 'तुझ्यासाठी मी किती केलं' याचा पाढाही असतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे आजार घराचा होणं. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात, २००८ साली, जोडीदाराच्या बोलण्यात 'मी' आणि 'तू' ऐवजी 'आपण' किती वेळा येतं ते मोजलं. जास्त 'आपण' म्हणणाऱ्यांच्या पेशंटची तब्येत पुढच्या सहा महिन्यांत तुलनेने बरी राहिली. नुसतं 'आपण' म्हणायला लागून काही होणार नाही, हे उघड आहे. फरक वागण्यात पडतो, आणि त्याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण डायलिसिसचं आहे.

डायलिसिसवरच्या माणसाला लघवी फार कमी होते, म्हणून प्यायलेलं पाणी दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठतं. सूज येते, दम लागतो, आणि मशीनवर एकदम जास्त पाणी काढावं लागलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. म्हणून दिवसाला किती पाणी प्यायचं याचं माप डॉक्टर ठरवून देतात. ठाण्याच्या मे महिन्यात ते माप पाळणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. घरं काय करतात? पाण्यावर पहारा बसवतात. बाटलीवर खुणा, माठाला पाळत, 'परत प्यायलात?'. पेशंट मग बाथरूममध्ये नळाखाली ओंजळ धरतो. असं करणारे प्राध्यापक, बँक मॅनेजर मला माहीत आहेत.

पण तहानेचं मूळ बरंचसं मिठात असतं. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, बाहेरची भाजी अंगात गेली की तहान लागणारच, तिथे निश्चय चालत नाही. घरातल्या सगळ्यांनीच मीठ उतरवलं, लोणच्याची बरणी टेबलावरून हलली, तर पहारा निम्म्याने कमी करता येतो. हे 'आपला आजार'. वेगळ्या डब्यातलं वेगळं अळणी जेवण एकट्याने खायचं आणि बाकीच्यांनी समोर मिसळ हाणायची, हा 'तुझा आजार'. एक सावधगिरी: बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते घातक ठरू शकतं. ते परस्पर आणू नका.

दीर्घ आजारात घरातलं मोकळं बोलणं हळूहळू बंद होतं. त्याचं कारणही पुन्हा माया. नवरा धास्तावलाय पण बायकोला दाखवत नाही, बायको रात्री रडते पण नवऱ्याला कळू देत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या आणि त्यांच्या बायकांच्या १९९१ मधल्या अभ्यासात असं दिसलं की नवऱ्यापासून काळजी लपवणाऱ्या बायकांचा स्वतःचा मानसिक त्रास जास्त असतो. आपल्याकडे ही लपवाछपवी डॉक्टरांच्या केबिनपर्यंत जाते. पेशंटच्या पाठीमागे उभं राहून मुलगा डॉक्टरांना मानेने खुणावतो, सांगू नका. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक केंद्र आहे. बोरिवलीहून, बीडहून, बिहारमधून पेशंट येतात, फलकावर कॅन्सर शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि तरीही 'आईला फक्त गाठ म्हणून सांगितलंय' म्हणणारी मुलं भेटतात. आईला माहीत असतं. तिला फक्त आता त्याबद्दल कोणाशी बोलता येत नाही, कारण तिने न कळल्याचं सोंग केलं नाही तर मुलं कोसळतील.

शहरातल्या घरांची एक व्यावहारिक अडचण इथे सांगायला हवी. वन बीएचकेमध्ये रडायला जागा नसते. नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला मित्राशी फोनवर मोकळेपणी बोलायचं तरी पोरं बाजूलाच अभ्यासाला. पूर्वी ही कामं ओटा, गॅलरी, तलावपाळीचा कट्टा करत असे. जमेल त्याला आठवड्यातून एकदा घराबाहेर बसायची सोय करून देणं हाही उपचारच समजावा.

आता ज्यांच्या हाताने हे सगळं होतं त्यांच्याबद्दल. 'आजारपण काढलं' या क्रियापदाचा कर्ता कोण असतो ते आपल्या घरात बघा. 'आपण सगळे मिळून आईचं करू' असं ठरतं, आणि दोन महिन्यांत ते 'सगळे' म्हणजे एक सून किंवा एक अविवाहित मुलगी उरते. 'आपला आजार' या कल्पनेचा हा मोठा खड्डा आहे. मूत्रपिंड दानातही, भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे.

डायलिसिस सेंटरच्या बाहेरचा बाक बघा. आत चार तास मशीन चालतं, बाहेर चार तास बायका बसतात. कोणी मटार सोलतंय, कोणी मुलाचा अभ्यास फोनवर घेतंय. बटाट्याचं पाणी दोनदा कसं फेकायचं म्हणजे पोटॅशियम उतरतं, कुठल्या सिस्टरच्या हाताला सुई हलकी, मेडिक्लेमचा कागद कुठे अडतो, ही सगळी विद्या त्या बाकावर फुकट मिळते. एखादीचा नवरा गेला तरी ती महिन्याने येऊन बसून जाते. मानसिक आधार म्हणून जे काही पुस्तकात लिहिलेलं असतं ते तिथे चालू असतं, आणि त्या बायकांना कोणी विचारलं तर म्हणतील, 'कुठे काय, टाइमपास'.

या काळजीवाहकांचं स्वतःचं काय होतं, याचा १९९९ सालचा एक ठळक अभ्यास आहे. आजारी जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता अशा वृद्धांत, चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त दिसलं. ज्यांना ताण नव्हता त्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे सेवा करण्यापेक्षा सेवेचा कोणी वाटून न घेतलेला भार जड जातो. आणि थकलेलं माणूस टीका करतंच. पेशंटला लागेल असं बोलणाऱ्या बाईला 'गोड बोल' सांगण्याआधी ती शेवटची सलग सहा तास कधी झोपली ते विचारा.

लांबच्या नातेवाइकांबद्दल थोडंसं. वर्षभर न फिरकलेलं अपत्य विमानाने येतं आणि सगळ्या उपचारांवर प्रश्न उभे करतं, या प्रकाराला वैद्यकीय नियतकालिकात १९९१ पासून 'कॅलिफोर्नियातली मुलगी' असं नाव आहे. कॅलिफोर्नियात म्हणे तिलाच न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. ठाण्याला नवं नाव शोधायची गरज नाही, आपली मुलगी खरोखरच कॅलिफोर्नियात असते. तिच्या रागामागे अपराधी वाटणं असतं, हे जवळ राहणाऱ्या भावाला कळलं तर भांडण निम्मं मिटतं. तिला सल्ल्याऐवजी काम द्यावं: विम्याचे कागद, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, रोज रात्री आईशी आजार सोडून गप्पा.

लहान मुलांना सांगावं, त्यांच्या वयाला पेलेल इतकं. न सांगितलं तर ती स्वतःच कारण शोधतात, आणि बहुतेक वेळा ते कारण 'मी त्रास दिला म्हणून' असं असतं.

आणि काही घरं अशीही असतात की जिथे जवळ या म्हणणंच अन्यायाचं आहे. तीस वर्षं मार खाल्लेल्या बाईकडून नवऱ्याच्या आजारपणात मायेची अपेक्षा करणारा समाज मला समजत नाही. ती कर्तव्य म्हणून डबा देते, ते पुष्कळ झालं. अशा पेशंटचा आधार मित्र, शेजारी, बाकावरची माणसं असू शकतात. १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० साली घेतला गेला, त्यात बळकट सामाजिक नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली. त्यात नाती म्हणजे रक्ताचीच अशी अट नव्हती.

करायचं काय, असं विचाराल तर मी आधी मशीन पेशंटच्या हातात परत द्या म्हणेन. शुगरचं, बीपीचं, आणि औषधांची डबीही. हात थरथरत असतील तर मदत करा, पण आकडा आधी त्याने बघावा आणि कोणाला सांगायचा ते त्याने ठरवावं. मदतीला धावण्यापूर्वी 'करू का, की नुसतं ऐकू?' एवढं विचारावं. सुरुवातीला कृत्रिम वाटतं, आठवड्याने सवय होते. कामांची वाटणी तोंडी नको, कागदावर हवी, आणि त्यात काळजी घेणाऱ्याच्या सुट्टीचा वार आधी लिहायचा, उरलेली कामं नंतर. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली दोन मिनिटं पेशंटला एकट्याला आत जाऊ द्या.

मधुमेहात नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं, आणि बाकीच्या दीर्घ आजारांतही ते नेहमीपेक्षा जास्तच असतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप आणि भूक गेलेली, कशात मन नाही, 'आता औषध नको, डायलिसिस नको' अशी भाषा, यातलं काही दिसलं तर घरच्या घरी समजूत काढत बसू नये. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ठाण्यातच आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर फोनवर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठावं. आणि हेल्पलाइनला फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसानेही करावा, स्वतःसाठी.